घाट की भिंत? सीनाकाठच्या सुशोभीकरणाविषयी काही शंका



संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो, "अहो, नदीकाठच्या बांधकामावर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कशाला? एखादा इंजिनिअर बोलवा." ते म्हणाले, "इंजिनिअर बोलून गेले, सर. आता शंका काढणारा हवाय." तेव्हा शंका काढायला आलो आहोत. आकडेमोड त्यांची, शब्द तपासणे आमचे. आणि आमचे मत असे, की नदीकाठाच्या बाबतीत चूक होते ती सिमेंट कालवण्याच्या आधी, शब्दांत.

पहिला शब्द घ्या, सुशोभीकरण. सीनाकाठ सुशोभित करावा, साबरमतीसारखा करावा, अशी मागणी आपल्या शहरात अधूनमधून होत असते. मागणी करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात आम्हाला शंका नाही. सीनेच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, हे कोणाला आवडेल? पण सुशोभित करणे म्हणजे काय? जी वस्तू जशी आहे तशी राहणार, स्थिर राहणार, तिला वरून काही लावायचे. लग्नघराला तोरण लावतो तसे. नदी ही अशी वस्तू आहे का?

अशा योजनांची थ्रीडी चित्रे तुम्ही पाहिली असतील. पाणी निळे, काठोकाठ, संथ. आकाश स्वच्छ. फरसबंद वाट, दिव्यांची रांग, बाकावर आजोबा, सायकलवर मुलगा. आजवर आम्ही पाहिलेल्या एकाही चित्रात सप्टेंबरातली रात्रीची तीनची वेळ नव्हती. वीज गेलेली, पाणी तांबडे, त्यात अख्खी बाभूळ वाहत आलेली, आणि त्या बाकाचे काय झाले ते कोणाला दिसत नाही. आमची पहिली सूचना हीच: नदीकाठच्या कोणत्याही योजनेचे परीक्षण करायचे तर तिचे पुराच्या रात्रीचे चित्र मागा. ते काढलेलेच नसेल, तर योजना अजून झालेली नाही.

नदी नावाची घटना

आता सीनेकडे येऊ. मलिक अहमदने 1490 मध्ये सीनेच्या डाव्या तीरावर हे शहर वसवायला घेतले. आज त्याचे नाव अहिल्यानगर आहे, आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगरच येते, सांभाळून घ्या. गंमत अशी, की नदीकाठी वसूनही या शहराने पाण्यासाठी नदीवर भरवसा ठेवला नाही. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी आणून हौद भरले. आज आपण मुळा धरणाचे पाणी पितो. सीना आपल्या पाठीमागून वाहत राहिली, आणि घराच्या पाठीमागे जे टाकतात ते आपण तिच्यात टाकत राहिलो.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. नगर परिसरात वर्षाला सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर, तोही एकेका रात्रीत पडतो. सीनेचा उगम शहरापासून फार लांब नाही. एक धार जामगावकडून येते, दुसरी जेऊरकडून. शहराच्या वर दरवाजे उघडून-मिटून पाणी सांभाळावे असे मोठे धरण तिच्यावर नाही. म्हणजे उगमाकडे ढग फुटला तर शहरात पाणी यायला काही तास पुरतात. बाकीचे आठ-नऊ महिने तिच्यात जे वाहते त्याला प्रामाणिकपणे सांडपाणीच म्हणावे लागेल.

हीच सीना पुढे काय करते ते 2025 च्या सप्टेंबरात सगळ्यांनी पाहिले. सोलापूर जिल्ह्यात माढा, मोहोळ तालुक्यांतली गावे वेढली गेली, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला. जिला आपण नाला म्हणून नाक मुरडतो, तिने महामार्ग अडवला.

म्हणून आम्ही म्हणतो, सीना ही वस्तू नाही, घटना आहे. ती नेहमी असते तशी नसते, आणि असते तेव्हा एकदम असते. मराठीत नदीच्या तळाला पात्र म्हणतात. पात्र म्हणजे भांडेही. भांड्याचा अर्थ त्याच्या पोकळीत असतो. तांब्या रिकामा दिसला म्हणून त्यात कोणी वाळू भरून ठेवत नाही, कारण उद्या पाणी भरायचे आहे हे आपल्याला ठाऊक असते. नदीच्या पात्राबाबत मात्र आपण नेमके हेच करतो. रिकामे दिसले की भराव टाकतो. वर म्हणतो, "नदीने मर्यादा ओलांडली, पाणी घरात शिरले." कोण कोणात शिरले, याचा निवाडा भाषेने आधीच आपल्या बाजूने देऊन टाकलेला असतो.

निळी रेषा आणि आमचे जोते

पाटबंधारे खात्याच्या 1989 च्या परिपत्रकापासून महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा मानल्या जातात. निळी आणि लाल. ढोबळमानाने सांगायचे तर निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई; बागा, मैदाने, शेती असे मोकळे उपयोग चालतात. निळ्या आणि लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींसह बांधता येते. सीनेची पूररेषा कुठून जावी, यावरून शहरात वाद आहे. रेषा थोडी इकडे सरकली की शेकडो प्लॉट मोकळे होतात, तिकडे सरकली की अडकतात. वाद होणारच.

पण त्या वादातला एक शब्द बघा: "25 वर्षांतून एकदा." हे ऐकून माणूस समजतो, की परवा पूर येऊन गेला ना, आता 25 वर्षे झोपा निवांत. हा हिशेब चूक आहे. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार, एवढाच. गेल्या वर्षी पूर आला असेल तरी यंदा शंभरात चार. वीस वर्षे आला नसेल तरी यंदा शंभरात चारच. नाण्याला मागच्या फेकीची आठवण नसते. आता 20 वर्षांच्या गृहकर्जाचा विचार करा. निळ्या रेषेवरच्या घरात कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत निदान एकदा तरी पाणी येण्याची शक्यता 56 टक्के निघते. निम्म्याहून जास्त! ज्या लाल रेषेला आपण शंभर वर्षांची म्हणून हसण्यावारी नेतो, तिच्यावरच्या घरालाही त्याच 20 वर्षांत साधारण 18 टक्के. आणि हा हिशेब पाऊस पूर्वीसारखाच पडेल, वरच्या अंगाची माती पूर्वीइतकेच पाणी मुरवेल, असे धरून केलेला. माळावर फरश्या आणि पत्रे चढले की रेषा आपली आपण घराकडे सरकते. नकाशावरची मात्र तिथेच राहते.

हे सगळे आम्ही कोणत्या तोंडाने सांगतो आहोत? तर आमची गोष्ट ऐका. 1980 च्या दशकात, नवी नोकरी होती, आम्ही सीनेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या बाजूला प्लॉट घेतला. स्वस्त होता. कागद साफ होते. शेजारच्या मळ्यातले एक म्हातारे गृहस्थ बांधावर बसलेले असायचे. ते म्हणाले, "सर, इथं पाणी येतं बरं का." आम्ही म्हणालो, "मामा, जोतं उंच बांधतो." आणि बांधले. आजवर दोनदा पाणी आमच्या पायरीला लागून परत गेले. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. आपण कसा विचार करून बांधले!

बऱ्याच वर्षांनी लक्षात आले, की आमच्या जोत्याने पाणी नाहीसे केलेले नव्हते. आम्ही भराव टाकून उंच झालो, शेजारी झाले, पलीकडचे झाले; तेवढे पाणी खालच्या अंगाला, जिथे जोते बांधायला कोणाकडे पैसे नव्हते, तिकडे गेले. आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे, आणि मोठ्या योजनांनाही हाच नियम लागू आहे: भिंत पूर थांबवत नाही. पूर कोणाच्या घरात जाईल, हे ती ठरवते.

साबरमतीची नक्कल

आता ज्या नमुन्याचे नाव सगळे घेतात त्याकडे न्यायाने पाहू. अहमदाबादच्या महापालिकेने 1997 मध्ये साबरमतीसाठी स्वतंत्र कंपनी काढली. दोन्ही काठांना साधारण साडेअकरा किलोमीटर लांबीच्या भिंती बांधून, पूर्वी जागोजागी वेगवेगळी असलेली नदीची रुंदी सरसकट 263 मीटर केली. यातून दोनशे हेक्टरांच्या आसपास जमीन नव्याने मिळाली. दोन पातळ्यांचे रस्ते केले. खालचा पाण्यालगत, वरचा शहरालगत. सांडपाणी अडवून दुसरीकडे नेले. रविवारचा जुना गुजरी बाजार नव्या जागेत बसवला. संध्याकाळी तिथे हजारो लोक फिरतात. ज्या शहरात फुकट बसायला जागा नसते तिथे ही लहान गोष्ट नाही. टीका करणाऱ्याने हे आधी मान्य केले पाहिजे.

मग शंका कुठे आहेत? तीन ठिकाणी.

पहिली शंका पाण्याची. चित्रातली भरलेली साबरमती ही साबरमतीच्या पाण्याने भरलेली नाही. नर्मदेच्या कालव्याचे पाणी सोडून, खाली वासणा बंधाऱ्याला अडवून तो तलाव केला आहे. सीनेत असे अडवायला काय आहे? मैलापाणी. त्याला बंधारा घातला तर आपल्या हाती डासांचे तळे लागेल.

दुसरी शंका वेळेची. साबरमतीचा खालचा रस्ता पुरात बुडतो, तो तसा बुडावा म्हणूनच केलेला आहे, आणि ही रचना चांगली आहे. पण ती चालते कारण वर धरोई धरण आहे. पाणी सोडले की शहराला निरोप येतो, लोकांना वर काढता येते. आपल्याच जिल्ह्यात कोपरगावचे उदाहरण बघा. गोदावरीला 2006 मध्ये, 2019 मध्ये मोठे पूर आले, गावात पाणी आले. पण नांदूर मधमेश्वरहून किती क्युसेक निघाले हे कोपरगावकराला काही तास आधी कळते. नाशिकमध्ये तर त्याहून जुनी सोय आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले, पायाशी की कमरेला की गळ्याशी, यावरून पुराची भाषा अख्खे गाव बोलते. सीनेला असा निरोप्या नाही. तिची तुलना करायचीच तर पुण्याच्या आंबील ओढ्याशी करा. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र. धरणाचा संबंध नाही. कात्रजच्या बाजूला पाऊस कोसळला आणि काही तासांत ओढा वस्त्यांतून गेला. अरण्येश्वर भागात टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. जिने वाचवावे म्हणून बांधतो ती भिंतच.

तिसरी शंका पैशाची. नदी अरुंद करून जमीन मिळवायची, तिच्यातली काही विकून खर्च भागवायचा, हा त्या योजनेच्या अर्थकारणाचा एक पाया होता. याचा तर्क नीट बघा. नदी जितकी अरुंद तितकी जमीन जास्त, तितकी योजना फायद्याची. म्हणजे नदीला जागा देणे हाच या हिशेबात तोटा ठरतो. रेखाटणारा कितीही सज्जन असला तरी हिशेबाची वही त्याचा हात एका बाजूला ओढत राहते. काठावरची हजारो कुटुंबे तिथून हलवली गेली, ती शहराच्या कडेला. त्यांच्यासाठी नदीकाठ सुंदर झाला तेव्हा ते तिथे नव्हते.

पुण्यात मुळा-मुठेसाठी 44 किलोमीटरची योजना चालू आहे, आराखडा साबरमतीच्याच वास्तुरचनाकारांचा. विरोधक म्हणतात पात्र अरुंद होते. महापालिका म्हणते होत नाही. हा वाद मोजमापाने सुटेल. पण 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून 35,000 क्युसेकच्या घरात पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी आले, तेव्हा लोकांनी विचारलेला प्रश्न सौंदर्याचा नव्हता. पाण्याने जायचे कुठून, एवढाच होता.

भौतिकशास्त्राचे एक साधे गणित सोबत ठेवा. पात्र आवळले आणि गुळगुळीत केले की पाण्याचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला तर ढकलण्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर संथ पाण्यातून आपण चालत जातो. गुडघाभर धावते पाणी धडधाकट माणसाला खाली पाडते.

घाटाकडून काय शिकायचे

शहराला ज्यांचे नाव दिले त्या अहिल्याबाईंचा जन्म 1725 चा, चौंडीचा. चौंडी सीनेच्याच काठी. नगरमधून गेलेले पाणी पुढे चौंडीवरून जाते. त्यांनी महेश्वरला घाट बांधले, काशीला बांधले. आपल्याच जिल्ह्यात पुणतांब्याला गोदावरीवर त्यांचा घाट आहे. नाव घेतलेच आहे तर त्या बाईंच्या बांधकामाचा विचारही घेऊ.

घाट म्हणजे काय? पायऱ्या. पण पायरी ही फार विचारी वस्तू आहे. भिंत म्हणते, पाणी इथपर्यंतच. पायरी म्हणते, पाणी कुठवरही येऊ दे, त्याच्या वरची पायरी माझ्याकडे आहे. उन्हाळ्यात माणूस वीस पायऱ्या खाली उतरतो, श्रावणात पाणी वीस पायऱ्या वर चढते. काठ एका ओळीत संपत नाही, तो वर-खाली होत राहतो. काशीचे घाट पावसाळ्यात बुडतात, पुन्हा वर येतात. बुडणे हा तिथे अपघात नाही, ऋतू आहे. दगड जड, त्याला खराब होण्यासारखे काही लावलेले नाही. पूर ओसरला की गाळ पाण्याने ढकलून पुन्हा नदीत. ओला असताना गाळ पाण्याने जातो. वाळला की टिकाव लागतो. हे ज्याला कळते त्याच्याकडे पुरानंतरच्या आठवड्याची माणसे आणि पंप तयार असतात.

यावरून आम्ही एक कसोटी काढतो. पूरक्षेत्रात जे ठेवायचे ते बुडण्याला पात्र हवे. बुडून, धुऊन, पुन्हा वापरता आले पाहिजे. दगडी ओटा पात्र आहे. खेळाचे मैदान पात्र आहे. आठवडे बाजाराची मोकळी जागा, दशक्रियेचे ओटे, उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज यांची राई, ही सगळी पात्र आहेत; ही झाडे पाण्यात पाय घालून उभी राहू शकतात. तळघरातले पार्किंग पात्र नाही. विजेची पेटी पात्र नाही. काचेचे उपाहारगृह पात्र नाही. विलायती लॉन पात्र नाही, पहिल्याच गाळाखाली मरते. आणि झोपलेले माणूस अजिबात पात्र नाही. रात्रीच्या मुक्कामाचे काहीही निळ्या रेषेच्या आत नको.

इथे कोणी म्हणेल, सर जुन्या काळाचे गोडवे गाऊ लागले. नाही. घाटाच्या बाजूने बोलताना दोन गोष्टी आम्ही विसरू शकत नाही. एक, घाट सगळ्यांचे नव्हते. पाणवठे जातीने वाटलेले होते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला. पायरी पाण्यासाठी मोकळी होती आणि माणसासाठी बंद. आज ती बंदी तिकिटाच्या रूपाने, "आत येऊ नका" म्हणणाऱ्या पहारेकऱ्याच्या रूपाने परत येत असेल, तर ते सुशोभीकरण आम्हाला नको. दोन, घाट ही एका ठिकाणची रचना आहे. गावाने नदीला जिथे भेटायचे तिथे घाट, बाकी काठ मातीचा, झाडांचा, शेतीचा. दहा किलोमीटर सलग दगडी पायऱ्या लावल्या तर तो घाट राहत नाही, उतरती भिंत होते. नाशिकला गोदेच्या पात्रात ओतलेले काँक्रीट काढून जुनी कुंडे मोकळी व्हावीत म्हणून नागरिकांना न्यायालयात जावे लागले, हे लक्षात ठेवा. घाटाच्या नावाखालीही नदी बुजवता येते.

जागा देणारे लोक

बाहेरची दोनच उदाहरणे सांगतो. नेदरलँड्समध्ये 1993 आणि 1995 मध्ये मोठे पूर आले. 1995 मध्ये सुमारे अडीच लाख माणसे घरांतून हलवावी लागली. शेकडो वर्षे बांध उंच करत आलेल्या त्या देशाने तेव्हा उलटा विचार केला: नदीला जागा द्यायची. नायमेगेन शहरात वाल नदीचा बांध 350 मीटर मागे नेला, शेजारी नवा प्रवाह खणला, मधल्या बेटावर बाग झाली. त्यासाठी पन्नासच्या आसपास घरे उठवावी लागली. सोपे नव्हते, पण काय करतो आहोत ते सांगून केले.

दुसरे सिंगापूरचे, आणि ते सीनेला जास्त जवळचे. बिशान नावाच्या भागात कालांग नदीला पूर्वी काँक्रीटचा सरळ कालवा करून टाकले होते. ते काँक्रीट फोडून, 2.7 किलोमीटरच्या सरळ कालव्याची 3.2 किलोमीटरची वळणे घेणारी नदी केली आणि शेजारच्या बागेत मिसळली. 2012 मध्ये ती खुली झाली. कोरड्या दिवशी मुले पाण्यात उतरतात. पाऊस वाढला की भोंगा होतो, दिवे लागतात, लोक हिरवळीच्या उतारावरून वर जातात आणि बागेचा खालचा भाग नदी होतो. तिथे पाणी वेगाने वाढते हे त्यांनी लपवले नाही, रचनेत घेतले.

तेव्हा सीनाकाठची कोणतीही योजना समोर आली तर पुढचे प्रश्न विचारा. ते विचारायला पदवी लागत नाही.

पुराच्या रात्री या जागेचे चित्र काय? योजनेनंतर पात्राची रुंदी वाढते की घटते, आणि पुलांपाशी किती? कमी उंचीचे पूल तसेच ठेवून काठ सजवला, तर पुलाला अडकलेली झाडे आणि प्लास्टिक पाणी मागे सारतात, मग सजावट पहिल्यांदा तिथेच बुडते. उगमाकडे पाऊस पडला हे इथे खेळणाऱ्या मुलाला कोण सांगणार, किती मिनिटांत, वीज नसताना कसे? कुठूनही वर येण्याची वाट किती पावलांवर, आणि ती म्हाताऱ्या माणसाला, चाकाच्या खुर्चीला चढता येते का? गाळ काढायचे पैसे कोणत्या खात्यात, दरवर्षी? उद्घाटनाचे पैसे सगळ्यांकडे असतात. सांडपाणी आधी अडवणार की नंतर? आणि शेवटचा: इथून कोण उठणार, ते कुठे जाणार, आणि त्यांना विचारले का?

एक काम तर उद्या सकाळी, जवळपास फुकट होण्यासारखे आहे. आजवर पाणी जिथवर आले त्या खुणा पुलाच्या खांबांवर, शाळेच्या भिंतींवर, देवळाच्या जोत्यांवर रंगाने करा, शेजारी साल लिहा. बांधावरच्या त्या मामांना जे माहीत होते ते भिंतीवर लिहिलेले असते, तर आमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला ते न ऐकण्याची सोय राहिली नसती. नाशिककरांकडे मारुती आहे. आपल्याकडे निदान रंगाची रेघ असू दे.

आता प्रश्न घेऊ. हं, मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे. "सर, नदीला जागा द्यायची म्हणता. तुमचे घर ओढ्याकाठी आहे. ते उठवले तर चालेल का?"

छान प्रश्न आहे, आणि तो येणार हे ठाऊक होते. घरी हे बोलणे झालेले आहे. चाळीस वर्षे राहिलो, अंगणातला आंबा आम्ही लावलेला आहे, तेव्हा सहज "हो" म्हटले तर ते खोटे होईल. पण मोजमाप खरे असेल, सगळ्यांसमोर केलेले असेल, आणि बदल्यात शहरातच राहण्याजोगी जागा मिळणार असेल, तर उत्तर हो आहे. अट एकच. आमच्या खालच्या अंगाला पत्र्याच्या घरांत जी माणसे राहतात, ज्यांच्याकडे खरेदीखत नाही आणि ज्यांच्याकडे आमच्या जोत्यामुळे पाणी गेले, त्यांनाही तीच जागा, तोच मोबदला, त्याच दिवशी. आधी त्यांना उठवायचे आणि आमच्यापाशी आले की रेषा सरकवायची, असे होणार असेल तर ती योजना कितीही देखणी असो, आम्ही तिच्या विरोधात उभे राहू, त्यांच्या शेजारी.

पुढची चिठ्ठी द्या.